घोरपड, गोजिरा आणि आमचा दर्या

आजीने गोडझिला पाहिला तो २००७ च्या आषाढात. मी बोटीवरून सुट्टीवर आलो होतो. सिंगापूरला घेतलेली डीव्हीडी बॅगेत होती आणि करंजाला सगळ्या होड्या शाकारून ठेवलेल्या. बाहेर जायची सोय नव्हती, म्हणून सिनेमा लावला. आजी, म्हणजे आईची आई, शेवटची काही वर्षं आमच्याकडेच होती. ती टीव्हीकडे पाठ करून सूप मांडीवर घेऊन सुका जवळा निवडत बसली होती. पडद्यावर गावकरी डोंगर चढत पळत होते. तेवढ्यात डोंगराच्या पलीकडून एक भलं मोठं डोकं वर आलं. घरातली पोरं ओरडली तशी आजीने मान वळवली, चष्मा सारखा केला आणि निकाल दिला, "यो त घोरपर हाय."

"घोरपड नाय गं आजी, गोडझिला. जपानी लोक त्याला गोजिरा म्हणतात."

"गोजिरा? यो?" ती इतकी हसली की सुपातला जवळा सांडला.

मराठी माणसाच्या कानाला हा विनोद न लागणं अशक्यच. आपल्याकडे बाळ गोजिरं असतं. जपान्यांचा गोजिरा मात्र पन्नास मीटर उंच, अंगावर वणाच्या गाठी असाव्यात अशी कातडी आणि तोंडातून किरणोत्सारी वाफ. त्यांचा शब्द गोरिला आणि कुजिरा या दोघांच्या जोडणीतून झाला आहे. कुजिरा म्हणजे देवमासा. अर्धं नाव जंगलातलं, अर्धं दर्यातलं.

मी व्यापारी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर. उरणमध्ये 'पोरगा काय करतो?' याला 'बोटीवर हाय' एवढं उत्तर पुरतं. माझ्या कामाच्या वाटेत योकोहामा, टोकियो, नागोया, ओसाका ही बंदरं वर्षानुवर्षं येत राहिली, आणि योगायोग असा की राक्षसांच्या सिनेमांनी मोडलेली शहरंही साधारण हीच. कंटेनर जहाज बंदरात दहा-बारा तास थांबतं. त्यात रीफर कंटेनरच्या तक्रारी उरकून, चीफ इंजिनिअरची परवानगी काढून चार-पाच तास सुटले की मी गोडझिलाच्या मागावर निघायचो. बरोबरचे लोक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जायचे. मला सगळे थोडा येडाच समजत.

लागण मात्र लहानपणीची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' लागायची. आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, डोळे चमकतील. मनगटावरच्या घड्याळात बोलून प्रचंड यंत्रमानवाला हुकूम सोडणारा मुलगा, सम्राट गिलोटिन, त्याची गार्गॉइल टोळी आणि दर भागात नवा राक्षस. तोएई कंपनीची ही मालिका जपानात १९६७-६८ मध्ये आली होती. सव्वीस भाग. आमच्यापर्यंत पोचायला तिला वीसेक वर्षं लागली, पण ते आम्हाला कुठे माहीत होतं? आम्ही बॉलपेनने मनगटावर घड्याळ काढायचो आणि पिरवाडीच्या किनाऱ्यावर उभं राहून नांगरलेल्या जहाजांना हुकूम द्यायचो. एकदा हुकूम दिला आणि नेमका त्याच वेळी एका जहाजाने भोंगा वाजवला. त्या दिवशी माझा भाव जो वधारला तो दिवाळीपर्यंत उतरला नाही.

पुढे १९९८ मध्ये अमेरिकनांनी केलेला गोडझिला मुंबईला पाहिला. सिनेमा लांबला, मोऱ्याला येणारी शेवटची लाँच चुकली आणि रात्र भाऊच्या धक्क्यावर काढली. पहाटे चारला मासळीच्या लिलावाच्या आरड्याने जाग आली, कपड्यांना बोंबलाचा वास, आणि मनात एकच प्रश्न: एवढे पैसे खर्चून तो सरडा का केला? तो पळत होता, लपत होता, अंडी घालत होता. क्षेपणास्त्रं लागून मेलासुद्धा. जायंट रोबॉटच्या कुठल्याही राक्षसात यापेक्षा जास्त वजन होतं. वजन हा शब्द मी जपून वापरतोय, त्याच्याकडे परत येईन.

मूळ 'गोजिरा' आला ३ नोव्हेंबर १९५४ रोजी. तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका यांचा इंडोनेशियात व्हायचा एक सिनेमा फिसकटला आणि मोकळी पडलेली तारीख भरायला काहीतरी हवं होतं. अमेरिकेचा जुना 'किंग काँग' नुकताच पुन्हा लागून चालला होता. एवढ्यावरच थांबलं असतं तर ती नक्कल झाली असती. पण त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली होती. त्या स्फोटाची ताकद १५ मेगाटन, हिरोशिमाच्या जवळजवळ हजारपट. तिथून सुमारे १६० किलोमीटरवर, धोक्याच्या जाहीर हद्दीच्या बाहेर, याइझू बंदराची एक लाकडी बोट ट्यूना पकडत होती. नाव 'दाइगो फुकुर्यू मारू', म्हणजे पाचवा भाग्यवान ड्रॅगन. वर तेवीस माणसं. पहाटे पश्चिमेकडे आकाश उजळलं आणि काही तासांनी त्यांच्यावर पांढरी राख पडू लागली. त्यांनी ती हातांनी झाडली, गळाचे दोर ओढले, घरी परतले. तोवर कातडी काळवंडली होती, केस गळत होते. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले. त्या वर्षी जपानात आठशेहून अधिक बोटींची मासळी किरणोत्सारी निघाली आणि फेकावी लागली. ज्याचं घर मासळीवर चालतं त्यालाच कळेल, पकडलेली मासळी पुरायची म्हणजे काय.

कुबोयामांच्या मृत्यूला सहा आठवडेही झाले नव्हते तेव्हा सिनेमा लागला, आणि त्याची सुरुवात होते समुद्रावर एक बोट अचानक उजेडात नाहीशी होण्याने. थिएटरात बसलेल्या कुणालाही ती कुठली बोट हे सांगायची गरज नव्हती. सुमारे ९६ लाख तिकिटं खपली.

ती खरी बोट आजही आहे. टोकियोच्या युमेनोशिमा भागात, शिन-किबा स्टेशनवरून चालत जाण्याच्या अंतरावर, एका उंच छपराखाली ती आख्खी उभी करून ठेवली आहे. मी २००९ मध्ये गेलो. मला वाटलं होतं, पितळी पाट्या, फोटो, काचेमागे चार वस्तू. दारातून आत शिरलो आणि थेट नाळेखालीच उभा राहिलो. तीसेक मीटर लांब लाकडी बोट, जुन्या तेलाचा आणि लाकडाचा वास, फळ्यांच्या सांध्यात भरलेलं काथ्यासारखं काहीतरी. करंजाला बोट डागडुजीला ओढली की खालून जशी दिसते तशीच. मी नकळत फळीवर बोटाने टकटक करून पाहिली, पहारेकऱ्याने घसा खाकरला. राखेची छोटी बाटलीही तिथे ठेवली आहे. पण मी जास्त वेळ रेंगाळलो ते बाहेर, इंजिनापाशी. स्फोटानंतर ही बोट मासेमारी शाळेची प्रशिक्षण नौका झाली आणि १९६७ मध्ये इथे कचऱ्यात टाकली गेली. सामान्य लोकांनी मागणी लावून धरली म्हणून वाचली, १९७६ मध्ये प्रदर्शन उघडलं. इंजिन मात्र आधीच काढून दुसऱ्या बोटीत बसवलं होतं. ती बोटही बुडाली. १९९६ मध्ये ते इंजिन समुद्रातून वर काढून इथे आणलं. गंजून त्याचं नुसतं ढेकूळ झालंय, तरी व्हॉल्व्हच्या जागा ओळखू येतात. तीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहून लोखंड जे होतं ते मी रोजच्या कामात पाहतो, पण असं उचलून कुणी चौथऱ्यावर ठेवलेलं पाहिलं नव्हतं.

आता आजीबद्दल एक गोष्ट मागे ठेवली होती ती सांगतो. घोरपड म्हणण्याच्या आधी, सिनेमाच्या अगदी पहिल्या दहा मिनिटांत, तिचा हात एकदा थांबला होता. बोटी बुडाल्याची बातमी आली आहे. कंपनीच्या कचेरीत नातेवाइकांची गर्दी उसळते, बायका टेबलावर ओणवून ओरडतात, आपल्या माणसाचं नाव यादीत आहे का विचारतात. कारकून घामाघूम. आवाजाने आजी वळली आणि तो प्रसंग संपेपर्यंत बघत राहिली. भाषा जपानी, खालची अक्षरं इंग्रजी. तिला दोन्ही येत नव्हत्या.

"आमी पन आशीच उबी होतो," ती म्हणाली आणि पुन्हा जवळ्याकडे वळली.

तिचं माहेर रेवसच्या बाजूचं. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सणाला घरी निघालेले चाकरमानी, कोळणी, पोरंबाळं मिळून सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबईला पत्ता लागला तो पोहून वाचलेल्यांमुळे, दुपार उलटल्यावर. आजीचा थोरला भाऊ गिरणीत होता, तो त्या बोटीवर होता. आजी तेव्हा बारा वर्षांची. ती आणि तिची आई रेवसच्या धक्क्यावर पावसात उभ्या होत्या, कुणीतरी नाव सांगेल म्हणून. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही जपानी राक्षसाच्या निमित्ताने.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं की गोजिरा हा मुळात कोळ्यांचा सिनेमा आहे. टोकियो जळतं ते नंतर. आधी बुडतात त्या बोटी, आणि तराफ्याला धरून किनाऱ्याला लागतो तो ओडो नावाच्या बेटावरचा एक मच्छीमार. शहाण्यासुरत्या शास्त्रज्ञांच्या आधी राक्षसाचं नाव घेतो तो गावातला म्हातारा. मासळी लागत नाही म्हणजे गोजिरा आला, तो सांगतो. पूर्वी अशा वेळी पोर तराफ्यावर बसवून सोडायचे. तरुण पोरी हसतात. रात्री मुखवटे घालून नाच होतो. आपल्याकडे नारळी पुनवेला दर्याला नारळ देतात, तोही सौदाच आहे की. नारळ घे, माणूस परत दे.

दिग्दर्शक इशिरो होंडा यांना हा किनारा अंगवळणी होता. सैन्यातून परतताना त्यांनी हिरोशिमाची राख पाहिली होती, हे सगळे लिहितात. त्याहून कमी लिहिलं जातं ते हे, की त्यांचा पहिला माहितीपट, १९४९ चा, इसे-शिमा या किनाऱ्यावरचा होता आणि पहिला कथापट, १९५१ चा, तिथल्याच मोती काढणाऱ्या पाणबुड्या बायकांचा. ओडो बेटाचे प्रसंग त्यांनी त्याच किनाऱ्यावर, तोबा शहराजवळच्या इजिका या गावात चित्रित केले. हे वाचलं तेव्हापासून इजिका माझ्या डोक्यात होतं.

पण आधी वजनाचं बोलू. विशेष दृश्यांचे तज्ज्ञ एइजी त्सुबुराया यांना 'किंग काँग'सारखा बाहुला एकेक चौकट हलवून सिनेमा करायचा होता. तसं केलं तर सात वर्षं लागतील असा हिशेब निघाला आणि हातात होते काही महिने. मग त्यांनी माणसाला राक्षसाचं सोंग दिलं. सोंग हाच नेमका शब्द. शिमग्याला, जव्हारकडच्या बोहाड्यात, दशावतारात आपण जे करतो तेच. मुखवट्याआतला माणूस कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी अंगावर काटा येतो. पहिलं सोंग शंभर किलोच्या आसपास होतं. आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट. दिव्यांच्या उष्णतेत तो काही मिनिटं टिकायचा, बाहेर आला की घाम निथळायचा. चाल शिकायला तो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसायचा. १९७२ पर्यंत त्याने बारा सिनेमांत हे सोंग वागवलं. २०१७ मध्ये तो गेला, आणि गोडझिलाच्या नादाचे आम्ही चार खुळे चार वेगवेगळ्या जहाजांवर त्या दिवशी हळहळलो.

पायाखालचं शहर पंचवीसपट लहान केलेलं. गणपतीचा देखावा बघून वाढलेल्या माणसाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. पेणच्या कारखान्यात मी साच्यातून मूर्ती काढणारे कारागीर पाहिलेत, आणि तोहोच्या कारखान्यातले जुने फोटोही. मान तिरकी करून एक डोळा मिटून बघायची लकब तीच. फरक एवढाच की तोहोवाल्यांचं काम तुडवून घेण्यासाठी असतं. मात्र देखाव्यातली इमारत पडली की खेळण्यासारखी पडते. दोन मीटरची इमारत कोसळायला सुमारे ०.६ सेकंद लागतात, पन्नास मीटरची कोसळायला ३.२. म्हणजे पाचपट. पंचवीसचं वर्गमूळ पाच. तेव्हा कॅमेरा भरभर चालवून टिपायचं आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचं, की तीच इमारत सावकाश, प्रचंड होऊन ढासळते. पाऊलही तसंच जड पडतं. वजन येतं ते इथून. १९९८ च्या संगणकी सरड्याकडे सगळं होतं, हे नव्हतं.

समुद्राला मात्र या युक्तीने फसवता येत नाही. इमारत लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान होत नाही. जुन्या सिनेमांतली लाट लक्ष देऊन पाहा, फेस राक्षसाच्या मानाने फार मोठा दिसतो. दर्यावर आयुष्य काढलेल्याला लगेच खटकतं. तोहोने १९६० मध्ये यासाठी मोठा तलाव बांधला होता, तो २००४ च्या सिनेमानंतर पाडला.

आणि डरकाळी! संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने त्या ओढल्या. तो आवाज मग वेग बदलून वापरला. गोंधळी संबळावर वाकडी काठी घासतो तेव्हा जो घुमारा पोटात शिरतो, त्याच्या नात्यातला आवाज. मी इंजिन रूममध्ये ग्रीसच्या हातमोज्याने सगळ्या केबल ओढून पाहिल्या आहेत. जमलं नाही.

शहरांचं थोडक्यात सांगतो. गिंझातल्या वाको दुकानाचा घड्याळ-मनोरा गोडझिलाने पहिल्याच सिनेमात तोडला, ठोके पडत असतानाच. मालकांना ते फारसं रुचलं नाही म्हणतात. मी ठोके ऐकायला चौकात उभा राहिलो आणि परत निघताना चुकीच्या गाडीत बसलो. नागोयाचा किल्ला १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला, १९५९ मध्ये सिमेंटमध्ये पुन्हा उभा राहिला आणि १९६४ मध्ये गोडझिलाने तो पुन्हा पाडला. त्या किल्ल्याची प्रतिकृती इतकी पक्की झाली होती की नाकाजिमाला ती पडेना, अशी गोष्ट सांगतात. आमच्या गावच्या कंत्राटदारांना दाखवायला हवी. योकोहामाचं मोठं आकाशपाळणा-घड्याळ १९९२ च्या सिनेमात गोडझिलाच्या अंगावर पडतं. मी त्यात बसून आलो, वरून आमचं जहाज दिसलं आणि क्रेन चालू झालेली पाहून पोटात गोळा आला. शिंजुकूत एका इमारतीच्या गच्चीवर २०१५ पासून गोडझिलाचं डोकं बसवलं आहे, ठरलेल्या वेळी ते गुरगुरतं. लोक फोटो काढतात. मीही काढला. घोरपडच वाटली.

आपला एक राक्षस होता हे फार कमी जणांना ठाऊक आहे. १९६६ मध्ये 'गोगोला' नावाचा हिंदी सिनेमा आला होता. दिग्दर्शक बलवंत दवे, नायक आझाद, नायिका तबस्सुम. तीच, जी पुढे दूरदर्शनवर 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'मधून घराघरात पोचली. समुद्रातून राक्षस येतो आणि मुंबईवर चालून जातो. रॉय-फ्रँक यांचं संगीत होतं, तलत महमूद त्यात गायले होते. राक्षसपटात तलत! असं फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. गाणी टिकली, जाहिराती टिकल्या, सिनेमा आज कुठे पाहायला मिळत नाही. माझ्या वडिलांनी तो सोळाव्या वर्षी पिटात बसून पाहिलेला. कितीही खोदून विचारलं तरी त्यांना दोनच गोष्टी आठवतात: तबस्सुम गोड दिसत होती आणि राक्षस आला की पोरं शिट्ट्या मारत होती. राक्षस कसा होता? "व्हता काळा." शेपूट? "आसंल." चोर बाजारात पोस्टर शोधत मी तीन सुट्ट्या घालवल्या. एका दुकानदाराने मोठ्या विश्वासाने 'शोले' काढून दिलं.

कधी कधी वाटतं, गोगोला मुंबईला गेला तो उरणवरूनच गेला असणार. दुसरी वाट कुठली? बॉम्बे हायचं तेल आणि वायू नळातून इथेच येतो. रात्री ज्वाळा दिसते. १९८९ मध्ये शेवा बंदर सुरू झालं, त्याच्या क्रेन बूम उभारून उभ्या राहिल्या की १९५४ चा पन्नास मीटरचा गोजिरा त्यांच्यापुढे ठेंगणाच. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला अणुभट्टीचा घुमट दिसतो. तिथली 'सायरस' १९६० मध्ये सुरू झाली, २०१० च्या अखेरीस बंद झाली. राक्षसपटाला लागतं ते सगळं सामान एका नजरेत बसतं. १९७१ मध्ये जपानात हेडोरा नावाचा राक्षस आला, कारखान्यांच्या गाळातून जन्मलेला, धुराड्याला तोंड लावून धूर पिणारा. सिनेमा विचित्र आहे, मध्येच कार्टून, मध्येच गाणी. पण भरावाखाली गेलेली खाजणं आणि हरवलेला जिताडा बघितलेल्या उरणकराला त्यात विचित्र काही वाटणार नाही. निवटी पकडायला आम्ही जिथे चिखलात उतरायचो तिथे आता ट्रेलर उभे असतात. याच बंदर-जहाजांच्या पगारावर आमची घरं चालतात, माझं तर पहिलं. म्हणून हेडोराला दगड मारताना माझा हात थोडा अडखळतो.

२०१६ चा 'शिन गोडझिला' मला फार आवडतो, आणि त्याचं कारण राक्षस नाही. निम्मा सिनेमा बैठकांचा आहे. राक्षस शहरात शिरलाय आणि मंत्री एका दालनातून उठून दुसऱ्या दालनात जातात, कारण नियमाप्रमाणे ती बैठक वेगळी. २०११ च्या भूकंप, सुनामी आणि फुकुशिमानंतरचा जपान त्यात आहे. कुठल्याही सरकारी कचेरीत सात-बाऱ्यासाठी बसलेल्या माणसाला तो उपशीर्षकांशिवाय कळेल. २०२३ चा 'गोडझिला मायनस वन' मात्र मी पुन्हा बघणार नाही, फार चांगला असूनही. पस्तीसेक जणांच्या चमूने केलेल्या त्याच्या दृश्यांना २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि समुद्र अखेर समुद्रासारखा दिसला. गोष्ट युद्धानंतरची, शेवट १९४७ मधला. सुरुंग काढणारी लाकडी बोट आणि तिच्या मागे पाण्यातून येणारं डोकं. १९४७, लाकडी बोट, पाणी. आजी तोवर नव्हती, हे बरंच झालं.

इजिकाला जायला मिळालं ते २०१२ मध्ये. इंजिनाच्या एका सुट्या भागाची वाट बघत जहाज नागोयाला अडकलं होतं आणि माझ्या वाट्याला एक आख्खा दिवस आला. नागोयावरून तोबा आगगाडीने पावणेदोन तास, पुढे बस. रस्ता किनाऱ्याला धरून वळत जातो आणि एका वळणावर खाली गाव दिसतं. डोंगराच्या उतरणीला घट्ट चिकटलेली घरं, मधून पायऱ्यांच्या अरुंद गल्ल्या, तळाशी धक्का. कौलं वेगळी, बाकी सगळं ओळखीचं: दाराशी वाळत घातलेलं जाळं, उलटे ठेवलेले टब, कोपऱ्यात मांजर. वारा अंगात शिरत होता.

धक्क्याजवळ एक म्हातारी समुद्रातलं शेवाळ पसरत होती. पाणबुडी बाई असावी, खांदे तसे रुंद होते. मला जपानी येत नाही आणि तिला दुसरं काही येत नव्हतं. मी म्हटलं, "गोजिरा?" आणि दोन्ही हातांनी डोंगराकडे खूण केली. ती आधी बघत राहिली, मग एकदम हसली, थेट सूप सांडल्यासारखी. हातातलं शेवाळ टाकून तिने वरच्या पायवाटेकडे बोट केलं, मग स्वतःचे पंजे छातीशी आणून दोन जड पावलं टाकून दाखवली. सोंग चांगलं वठलं होतं. मी टाळ्या वाजवल्या.

पायवाटेने वर गेलो. याच वाटेचे ते पळणारे गावकरी असतील किंवा पलीकडच्या वाटेचे, मला सांगता येणार नाही. माथ्यावर झुडपं आणि वारा. करंजावरून द्रोणागिरी चढलं की शेवटच्या टप्प्यावर जसा एकदम समुद्र सामोरा येतो, तसाच आला. मी मुद्दाम खाली वाकून, डोकं हळूहळू वर काढत पलीकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. मग फोटो काढले. डोंगराचे पाच, समुद्राचे दोन, आणि परत उतरताना धक्क्याचा एक.

घरी आल्यावर ते फोटो आजीला दाखवले. "हाच तो डोंगर, घोरपडीचा." तिने डोंगराकडे पाहिलंही नाही. धक्क्याचा फोटो डोळ्यांजवळ धरून ती बराच वेळ बघत होती.

"होऱ्या वर काढल्यान," ती म्हणाली. "वादल येनार व्हतं क?"

मी इजिकाहून परतलो त्याच्या तिसऱ्या दिवशी त्या किनाऱ्यावर तुफानाचा इशारा लागला होता. मी तिला ते सांगितलं नव्हतं.